दोन कुलपांमागचे पट

बाईंनी मला कामावर ठेवलं ते माझे हात हुंगून.

लोणावळ्याला मी ब्लाउजच्या अस्तराचं कापड आणायला गेले होते. माझं शिवणकाम औंढ्यात घरीच चालायचं. कापडवाल्यानं सांगितलं, तुंगार्लीच्या अंगाला एका जुन्या बंगल्यात बारीक टाका घालणारी बाई हवी आहे, बघून ये. मला वाटलं पडदे असतील, उशांचे अभ्रे असतील. फाटकाशी गेले तर एक उंच, वाळकी बाई उभी. पांढरे केस पुरुषासारखे कापलेले, अंगात पुरुषी सदरा, पायात चपलेऐवजी मोजे. तिनं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

"हात पुढे कर," म्हणाली.

मी केले. तिनं वाकून दोन्ही हात हुंगले, आधी तळवे, मग बोटं.

"लसूण. आणि खोबरेल. जा, त्या नळावर धुऊन ये."

धुऊन आले. पुन्हा हुंगले.

"साबण फार वासाचा आहे तुझा. उद्यापासून रिठ्यानं धुवायचे. आणि डोक्याला तेल लावून यायचं नाही."

"तेल नाही लावलं की माझं डोकं दुखतं," मी म्हणाले.

"दुखू दे. आत जे आहेत ते तुझ्या डोक्यापेक्षा फार म्हातारे आहेत."

आत होते तीन पट. बाई त्यांना पट म्हणायच्या. कुणी गालिचा म्हटलं की त्यांचं टाळकं फिरायचं. "गालिचा पायाखाली असतो," म्हणायच्या. फ्रान्समध्ये काही शतकांपूर्वी मागावर विणलेली ही चित्रं होती. लोकर आणि रेशीम, एकेक पट आमच्या घराच्या भिंतीपेक्षा मोठा. बंगल्याच्या मालकिणीच्या आजेसासऱ्यांची मुंबईत गिरणी होती. त्यांनी पॅरिसमध्ये कुठल्याशा बुडालेल्या घराच्या लिलावात ते घेतले आणि बोटीतून आणले. लोणावळ्याची हवा थंड, तिथं कापड टिकेल, असं त्यांना वाटलं. इथल्या पावसाबद्दल त्यांना कुणी सांगितलं नसावं.

तिन्ही पटांवर युरोपातल्या एका जुन्या महाकाव्यातले प्रसंग होते. पहिल्यात शहर जळत होतं आणि एक तरणा वीर आपल्या लंगड्या बापाला खांद्यावर घेऊन निघाला होता. एका हाताला लहान मुलगा. बायको मागून येत होती. दुसऱ्यात परक्या देशाच्या राणीनं त्याला जेवायला बसवलं होतं आणि तो जळलेल्या शहराची हकीकत सांगत होता. तिसऱ्यात त्याची जहाजं चालली होती आणि राणी बुरुजावर एकटी उभी होती.

मागून येणाऱ्या बायकोला चेहरा नव्हता. तिथं नुसते उभे धागे दिसत होते.

"चेहरे आधी जातात," बाई म्हणाल्या. "चेहऱ्यावर उजेड दाखवायला रेशीम घालायचे. रेशीम आधी मरतं. लोकर मागे राहते. म्हणून बघ, कपडे आहेत, घोडे आहेत, कुत्रीसुद्धा आहेत. माणसं चालली आहेत."

पहिल्या दिवशी त्यांनी मला एकही टाका घालू दिला नाही. एक पट भिंतीवरून उतरवून मोठ्या लाकडी चौकटीवर पसरला होता. त्याची कड त्यांनी हलकेच उचलली आणि मागची बाजू दाखवली. पुढून झाडं निळी दिसत होती. मागून तीच झाडं हिरवीगार. पिवळा रंग उन्हानं आधी उडतो, मग हिरव्याचं निळं होतं, असं त्यांनी सांगितलं. मागच्या बाजूला ऊन कधी लागलंच नव्हतं.

"पुढचं बघून रडू येतं," त्या म्हणाल्या. "मागचं बघून जास्त येतं."

काम असं होतं. पटाच्या मागे तागाचं कापड लावायचं आणि सुटलेले, झिजलेले धागे त्या कापडावर बारीक टाक्यांनी धरून ठेवायचे. नवीन काही विणायचं नाही, खोटं काही भरायचं नाही. मी एकदा सहज म्हणाले, दुरुस्ती छान होतेय. बाईंनी सुई खाली ठेवली.

"दुरुस्ती नाही करत आपण. मरण लांबवतो. डॉक्टरसुद्धा तेवढंच करतात, पण ते बोलत नाहीत."

बाईंचा जन्म पुण्यातला. तरुणपणी फ्रान्सला जाऊन हे काम शिकल्या. मग मुंबईच्या एका संग्रहालयात नोकरी केली, आणि एका जुन्या शालूवर ट्यूबलाइट लावली म्हणून वरिष्ठांशी भांडून ती सोडली. लग्न केलं नव्हतं. बंगल्याच्या मालकीणबाईंनी त्यांना बोलावून घेतलं आणि मागच्या अंगाची एक खोली राहायला दिली. मी गेले तेव्हा त्यांना तिथं येऊन बरीच वर्षं झाली होती. झालेलं काम बघता उरलेल्याला आणखी बरीच वर्षं लागणार होती. बाईंना त्याचं काही वाटत नसे.

त्यांचे नियम मला पाठ झाले होते. हॉलमध्ये खायचं नाही, प्यायचं नाही, शिंकायचं नाही. शिंक आली की दाराबाहेर पळायचं. बाई स्वतः चहा पायरीवर बसून प्यायच्या. पाऊस असला तर एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कप. मी म्हणायचे, अहो, खोलीत बसून प्या ना. "खोलीत बसले की इथलं दिसत नाही," म्हणायच्या. ओली छत्री दाराच्या आत आणलेली त्यांना चालत नसे. पोस्टमनला त्या फाटकावरच थांबवत. बंगल्यापुढून सुट्टीतली माणसं स्पीकर लावून गाड्या नेत, तेव्हा त्या चौकटीवर दोन्ही हात हलकेच ठेवून उभ्या राहत. धक्के पटाला बसतात, म्हणायच्या. गाडी गेली की हात काढायच्या.

एकदा माकडांची टोळी खिडकीतून आत शिरली. बाईंना माकडांची भीती होती, रस्त्यानं जाताना त्या चार पावलं लांबून जात. पण त्या दिवशी नर राणीच्या पटाची झालर हातात धरून बसला, तेव्हा बाई सरळ त्याच्यापुढे जाऊन बसल्या. ओरडता येईना, कारण तो ओढेल. त्यांनी नाकावरचा चष्मा काढून त्याच्यापुढे धरला. माकडानं झालर सोडली, चष्मा घेतला आणि गेलं. नवीन चष्मा येईपर्यंत बाई आंधळ्यासारख्या वावरल्या, पण दिवसभर खुशीत होत्या. त्यांना इतकं हसताना मी तेवढंच एकदा पाहिलं.

पावसाळा मात्र त्यांच्या जिवावर यायचा. लोणावळ्याला धुकं घरात येऊन बसतं. मीठ ओघळतं, काड्या पेटत नाहीत, कपाटातल्या चपलांवर केस उगवतात. हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र हॉलमध्ये होतं, पण वीज गेली की ते बंद. मग बाई निळ्या खड्यांचे ट्रे पटाखाली ठेवायच्या. ते खडे ओल शोषून गुलाबी झाले की तव्यावर भाजून पुन्हा निळे करायचे. आषाढात आम्ही दोघी दिवसभर खडे भाजत असू. एकदा सासूबाई मला न्यायला आल्या आणि तव्याकडं बघत राहिल्या.

"ह्यो कंचा साबुदाणा म्हनायचा?"

"हा पाऊस आहे," बाई म्हणाल्या. "वाळवतेय."

सासूबाई मला घरी येताना म्हणाल्या, "लय शिकलेली दिसतीया बाई. डोक्यावर परिनाम झालाय." पण दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंसाठी नाचणीच्या भाकरी पाठवल्या.

मालकीणबाईंना एकच हौस होती. मागून येणाऱ्या त्या बायकोला चेहरा हवा. त्या म्हातारपणी काठी टेकत हॉलमध्ये येत आणि म्हणत, "अहो, घाला ना काहीतरी. नाक, डोळे. बघवत नाही तिच्याकडं."

"कसा होता कुणाला माहीत आहे?" बाई विचारत.

"सुंदर असेल."

"असेल. पण उद्या तुमचं नाक पडलं, तर मी माझ्या मनानं कुठलंही नाक लावू का?"

मालकीणबाई रागवून जात आणि चार दिवसांनी पुन्हा येत. मला वाटतं, दोघींनाही त्या भांडणाची सवय झाली होती. त्यांचा मुलगा मुंबईत आणि मुलगी परदेशात. इथं भांडायला दुसरं कुणी नव्हतं.

एका उन्हाळ्यात मालकीणबाई गेल्या.

तेरावं झालं आणि त्याच संध्याकाळी भाऊ-बहिणीचं बंगल्यावरून वाजलं. आईनं मृत्युपत्र केलं नव्हतं. भावाला बंगला विकायचा होता, बहिणीला तो तसाच ठेवायचा होता. की उलटं होतं, मला आता आठवत नाही, कारण पुढं दोघांनीही बाजू बदलल्या. बहिणीला संशय, भाऊ आतलं सामान हलवील. भावाला तोच संशय बहिणीबद्दल. बहिणीनं बंगल्याला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी भावानं येऊन त्याच कडीत आपलं कुलूप अडकवलं. दोघं एकत्र आल्याशिवाय दार उघडणार नाही, अशी व्यवस्था झाली. मग प्रकरण कोर्टात गेलं, आणि निकाल लागेपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही, असं दोघांच्या वकिलांनी आपापल्या अशिलाला बजावलं.

बाई मागच्या खोलीत राहत होत्या म्हणून त्यांना कुणी हलवलं नाही. पण पट आत. खिडक्या बंद, वीज तोडलेली. पहिला पट चौकटीवर अर्धा शिवलेला तसाच पडून.

"सुई त्यातच राहिली आहे," बाई म्हणाल्या. "मी चहाला बाहेर आले होते. सुई गंजेल."

मे संपत आला होता. मावळात ढग यायला लागले की सगळ्यांना बरं वाटतं. बाई व्हरांड्यात बसून आभाळाकडं बघायच्या आणि त्यांचा चेहरा उतरत जायचा. त्यांनी दोघांना फोन केले. दोघं गोड बोलले. मग कळलं की बहीण खटल्यासाठी इथंच थांबली आहे आणि तारखेला दोघंही वडगावला कोर्टात येतात. बाई मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. मला एकटीला रडू येईल."

वडगावला कोर्टाच्या आवारात भाऊ झाडाखाली उभा होता. बहीण लांब, गाडीत काच लावून बसली होती. बाई आधी भावाकडं गेल्या.

"पाऊस पडायच्या आत एकदा आत जाऊ द्या. मी काही बाहेर आणणार नाही. नुसते खडे ठेवते."

"बाई, माझी काहीच हरकत नाही," भाऊ म्हणाला. "तुम्ही आमच्या घरच्याच. तिला विचारा. तिनं किल्ली दिली की मी लगेच देतो."

बाई गाडीपाशी गेल्या. काच खाली आली.

"मी कधी नाही म्हटलंय?" बहीण म्हणाली. "आईच्या हॉलचं मला नाही का वाटत? पण त्याला आधी द्यायला सांगा. मी आधी दिली तर उद्या तो म्हणेल, हिनं उघडून दिलं."

बाई पुन्हा झाडाखाली. पुन्हा गाडीपाशी. किती फेऱ्या झाल्या, मी मोजल्या नाहीत. ऊन तापलं होतं आणि बाईंच्या पायात त्या दिवशीही मोजेच होते, वर कुठून तरी आणलेल्या रबरी चपला. शेवटी त्या दोघांच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि दोघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा म्हणाल्या, "मला किल्ली नको. मी आत येत नाही. तुम्ही दोघं बरोबर या, तुम्हीच खिडक्या उघडा, जरा वेळ बसा आणि बंद करून जा. एवढंच करा."

भाऊ म्हणाला, "वकिलांना विचारून कळवतो."

बहिणीनं मान हलवली. तिचंही तेच होतं.

परतीच्या गाडीची वाट बघत आम्ही स्टेशनवर बसलो. मी त्या दोघांना शिव्या देत होते. बाईंनी मला थांबवलं.

"दोघंही वाईट नाहीत गं," म्हणाल्या. "वाईट असते तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं."

पाऊस लागला. बाई रोज सकाळी व्हरांड्यात पालथ्या झोपत आणि हॉलच्या दाराखालच्या फटीला नाक लावत. मी दुपारी जायचे तेव्हा मला सांगायच्या. आज नुसती ओल आहे. आज बुरशी. आज लोकर भिजली, ओल्या कुत्र्यासारखा वास येतोय. म्हणजे कुठून तरी पाणी शिरलंय. त्यांनी फटीतून चपटी करून निळ्या खड्यांची पाकिटं आत सरकवली. ती दाराशीच राहिली, आत जाणार कशी.

वरून गळतंय हे नक्की झालं तेव्हा मी आमच्या ह्यांना घेऊन गेले. त्यांनी शिडी लावून छपरावर ताडपत्री टाकली, कडेला दगड ठेवले. बाई पावसात खाली उभ्या राहून, "डावीकडं, अजून डावीकडं," असं ओरडत होत्या. आठवड्यात बहिणीच्या वकिलाची माणसं आली. भाऊ परस्पर बांधकाम करतोय, अशी तिची समजूत झाली होती. त्यांनी फोटो काढले आणि ताडपत्री उतरवायला लावली. भावाची त्याला हरकत नव्हती, कारण ताडपत्री त्यानं टाकलीच नव्हती.

आमचे हे बाईंना म्हणाले, "म्या रातच्याला परत टाकू का? कुनाला दिसायचं न्हाई."

"नको," बाई म्हणाल्या. "तुझ्यावर केस घालतील. तुला मुलं आहेत."

श्रावणात एका दुपारी आम्ही दोघी व्हरांड्यात बसलो होतो. पावसाची उघडीप होती. आतून आवाज आला. मोठा नव्हता. ओलं जड धुणं जमिनीवर टाकावं तसा. मला वाटलं, भिंतीचा गिलावा पडला असेल. बाई उठल्या नाहीत. दाराकडं बघत बसल्या.

"राणी पडली," म्हणाल्या. "भिजलं की त्यांना स्वतःचंच वजन झेपत नाही."

त्यानंतर त्यांनी फटीला नाक लावणं सोडलं.

ते वर्ष गेलं. दुसरा पावसाळाही तसाच गेला. बाई मागच्या खोलीत असायच्या. मी भाजी-भाकरी पोचवायचे. त्यांनी कामाचं काही बोलू नये म्हणून मी माझ्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायचे, आणि त्या ऐकल्यासारखं करायच्या. मधेच एकदा म्हणाल्या, "माझ्या सगळ्या टाक्यांचं रेशीम चांगलं होतं. टाके राहतील बघ. ज्याला धरलं होतं ते जाईल."

दुसऱ्या दिवाळीनंतर भाऊ-बहिणीचा समझोता झाला. एका रिसॉर्टवाल्यानं दोघांना पटेल असा भाव दिला. दोघं एकाच गाडीतून आले. भावाची किल्ली तोवर हरवली होती, म्हणून माणूस बोलावून कुलूप यंत्रानं कापलं. ठिणग्या उडत होत्या आणि बाई ओरडल्या, "आत ठिणगी जाऊ देऊ नका!" त्या माणसानं मान डोलावली.

दार उघडलं आणि बहिणीनं नाकाला ओढणी लावली.

राणीच्या मेजवानीचा पट जमिनीवर पडलेला, काळ्या ढिगासारखा. तिसरा एका कोपऱ्याला धरून लोंबत होता. जहाजं, समुद्र, बुरूज, सगळ्यावर पांढरी बुरशी. वाळवी चौकटीवरून चढून आत शिरली होती. मेजवानीच्या पटात उंदरांनी घर केलं होतं, पिल्लं होती. चौकटीवरचा पहिला पट मधून खचला होता. त्या जागी सुईच्या गंजाचा तांबडा डाग होता. बाईंचे टाके खरंच शाबूत होते. तागाच्या कापडावर रेशमाच्या बारीक ओळी, नीट, एकसारख्या. त्यांच्या खालचं चित्र मात्र गळून गेलं होतं.

भाऊ म्हणाला, "अरे बापरे."

बहीण रडायला लागली. "आईनं किती जपलं होतं रे."

भावानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या दिवसांत ती दोघं एकमेकांशी बोललेली मी पहिल्यांदा पाहिली. आईची आठवण काढत दोघं बराच वेळ रडली. बाई एका बाजूला उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत काही नव्हतं. शेवटी भावाचं लक्ष गेलं.

"बाई, आम्हाला ह्याची वाटणी नको. तुम्हाला हवं तर घेऊन जा. खरंच, आनंदानं न्या. नाहीतर माळ्याला सांगतो."

माळ्याला काय सांगणार ते त्यानं म्हटलं नाही.

बाई म्हणाल्या, "नेते."

खोली रिकामी करायची होती. बाईंना जायला जागा नव्हती. आमच्या ह्यांनी मित्राचा टेम्पो आणला. चादरींत गुंडाळलेले ते तीन ढीग, बाईंची एक ट्रंक आणि बाई, असं सगळं आम्ही औंढ्याला आणलं.

तेव्हा भाताची झोडणी उरकली होती, खळं मोकळं होतं. बाईंनी खळ्यावर ताडपत्री अंथरली आणि पट सावलीत पसरले. गावातल्या बाया बघायला आल्या. बाईंनी कुणाचे हात हुंगले नाहीत. सासूबाई उकिडव्या बसून जळत्या शहराच्या पटातलं जे उरलं होतं ते न्याहाळत राहिल्या.

"ह्यो म्हाताऱ्याला उचलून कुटं निगालाय?"

"शहर जळतंय," बाई म्हणाल्या. "बाप लंगडा आहे. म्हणून खांद्यावर घेतलाय."

"आन् मागं ही कोन? हिला त्वांड न्हाई."

"बायको. ती मागे राहिली. शहराच्या वेशीबाहेर पडेपर्यंत त्याच्या लक्षातच आलं नाही."

"मंग?"

"मग तो परत गेला. जळत्या गल्ल्यांतून तिच्या नावानं हाका मारत फिरला. ती मेली होती. तिचं भूत आलं आणि म्हणालं, माझ्यासाठी थांबू नकोस. जा."

"आन् ह्यो गेला?"

"गेला."

"गेलाच आसंल," सासूबाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

बाई आमच्या पुढच्या खोलीत राहिल्या. हिवाळाभर त्या कामाला बसत होत्या. मी शेजारी असायचे. पण धागा हातात घेतला की त्याची भुकटी व्हायची. एक टाका घातला की त्याच्या दोन्ही बाजूंना नवं भोक पडायचं. बाई उलट्या दिशेनं करून बघायच्या, आणखी बारीक सुई घ्यायच्या, रेशमाचा एक पदर सुटा करून त्यानं शिवायच्या. संध्याकाळी जिथं बसल्या होत्या तिथं सकाळपेक्षा कमी उरलेलं असायचं. मी म्हणायचे, बाई, राहू द्या. त्या ऐकत नसत.

पौषात एके सकाळी मी रिठ्यानं हात धुऊन आले आणि सवयीनं त्यांच्यापुढे धरले. त्या माझ्या हातांकडं बघत राहिल्या.

"असू दे," म्हणाल्या. "टाका घालायला दोन्हीकडं काहीतरी लागतं. इथं काही नाही आता."

त्यांनी सुई पुडीत ठेवली, पुडी ट्रंकेत ठेवली. मग माझ्याकडं चहा मागितला आणि तिथंच, पटाशेजारी बसून प्याल्या. बशीत थोडा सांडला. त्यांनी पुसला नाही. तो सांडलेला चहा बघून मला जे वाटलं ते बंगल्याचं दार उघडलं तेव्हाही वाटलं नव्हतं. मी न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं.

त्याच आठवड्यात आमची म्हैस व्याली. कडाक्याची थंडी होती, रेडकू कुडकुडत होतं. सासूबाई गोणपाट शोधत होत्या. बाई आत गेल्या आणि राणीच्या मेजवानीच्या पटातला एक तुकडा घेऊन आल्या. कडेची जाड विणीची पट्टी होती ती, फळं आणि पानं विणलेली, त्यातल्या त्यात धड राहिलेली.

"बाई, ह्ये तुमचं लय मोलाचं..." सासूबाई मागं सरकल्या.

"लोकर आहे ती. घाला."

सासूबाई हलल्या नाहीत, तेव्हा बाईंनीच तो तुकडा रेडकाच्या पाठीवर घातला आणि पोटाखालून सुतळीनं बांधला. बांधताना त्यांचे हात कामाला बसल्यावर चालायचे तसेच सावकाश चालत होते. रेडकू थोड्या वेळानं थरथरायचं थांबलं. बाई गोठ्यात बसून राहिल्या. मी त्यांना उठवलं नाही.

तो तुकडा शेणामुतानं खराब झाला आणि उकिरड्यात गेला. बाकीच्याचं काय करायचं, असं आमच्या ह्यांनी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "तुम्हाला अडचण होत असेल तर टाका." ह्यांनी दुपारी सगळं वाहून नेलं. बाई पुढच्या खोलीत पडून होत्या. त्यांनी कूस बदलली नाही.

होळीच्या आधी बाईंची भाची पुण्याहून गाडी घेऊन आली. तिला आम्हीच फोन केला होता, कारण बाई जेवेनाशा झाल्या होत्या. भाची भली बाई. म्हणाली, "अगं मावशी, इतकी वर्षं सांगत होतो ना, ये आमच्याकडं." बाई निमूट गाडीत बसल्या. सासूबाईंनी त्यांच्या ओटीत तांदूळ आणि नारळ घातला. गाडी सुरू झाल्यावर बाईंनी काच खाली केली आणि मला म्हणाल्या, "तुझा टाका चांगला आहे." काच वर गेली.

मी पुण्याला दोनदा भेटायला गेले. पाचव्या मजल्यावरचा स्वच्छ फ्लॅट. बाई सोफ्यावर बसून टीव्ही बघत होत्या. केस वाढवले होते, वेणी घातली होती. कसल्याशा मालिकेतल्या सासूचं वागणं कसं चुकीचं आहे, ते त्यांनी मला सविस्तर सांगितलं. बंगल्याचा, पटांचा विषय मी काढला नाही. दुसऱ्या वेळी त्यांनी मला ओळखलं, पण थोडा वेळ लागला.

त्या गेल्याचं भाचीनं फोनवर कळवलं. दहाव्याला गेले. घरात माणसं कमी होती. एका टेबलावर बाईंचा फोटो होता, अलीकडचा, वेणीतला. भाचीनं मला जवळ बसवून घेतलं.

"तुम्ही बरीच वर्षं होता ना तिच्याबरोबर? खरं सांगू का, ती तिकडं नेमकं काय करायची ते आम्हाला कुणाला कधी कळलंच नाही. विचारलं तर चिडायची. आता पेपरात चार ओळी द्यायच्या, तर काय लिहावं सुचत नाही."

मी बोलायला तोंड उघडलं. पटांचं सांगायचं तर पट कुठं आहेत, असं ती विचारील. फ्रान्सचं सांगितलं, आजेसासऱ्यांचं, पावसाचं, कुलपांचं, तर तिला ते खरं वाटेल का? दाखवायला माझ्याकडं बोटभर धागासुद्धा नव्हता. भाची वाट बघत होती. तिच्या मांडीवर कागद होता, हातात पेन.

"शिवणकाम," मी म्हणाले.

"हो?" भाची म्हणाली. तिनं कागदावर तेवढंच लिहिलं, त्याकडं जरा वेळ बघितलं, मग खोडून 'धार्मिक व मनमिळाऊ' असं लिहिलं आणि कागद आत कुणाला तरी द्यायला उठली.